बुटक्याची टोपी : शिवणकामाचा आणि इतिहासाचा एक पाठ

आमच्या शाळेच्या इतिहासाच्या खोलीत, जगाच्या नकाशाखालील फळीवर, एक कापडी बाहुला गेली काही वर्षे बसून आहे. उंची वीतभराहून थोडी अधिक. अंगात करडा डगला, डोक्यावर विटकरी रंगाची निमुळती टोपी, छातीवर रुळणारी पांढरी दाढी आणि टोपीखालून डोकावणारे गोल नाक. डोळे नाहीत, तोंड नाही. शिक्षणासाठी स्वीडनला गेलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थिनीने सुट्टीत भेटीस येताना तो आणला आणि "मुलांना दाखवा" एवढेच सांगून ती गेली. मुलांना आम्ही तो दाखवला आणि मुलांनी आम्हांला प्रश्नांत पाडले. हा कोण? याला डोळे का नाहीत? हा त्यांचा देव आहे का? आणि अखेरचा प्रश्न : असा आपल्याला शिवता येईल का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत सोपे होते. शिवता येतो, कार्यानुभवाच्या चार तासिकांत येतो. उरलेल्या प्रश्नांसाठी आम्हांला पुस्तके उघडावी लागली. या दोन्ही प्रकारच्या उत्तरांची मांडणी प्रस्तुत पाठात केली आहे. माजी विद्यार्थ्यांनी तो आपल्या मुलांसमवेत करून पाहावा आणि पालकांनी वाचावा, या हेतूने स्मरणिकेत तो देत आहोत.

बुटका कोण?

मराठी वाचकाला बुटके भेटतात ते हिमगौरीच्या गोष्टीतील सात जणांच्या रूपाने. इंग्रजीत या बाहुल्यास 'नोम' म्हणतात. सोळाव्या शतकातील स्विस वैद्य पॅरासेल्सस याने भूमीच्या पोटात वावरणाऱ्या कल्पित जीवांसाठी हा शब्द वापरला. पुढे जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातील ग्रेफेनरोडा या गावी भाजलेल्या मातीचे बुटके घडवण्याचा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भरभराटीस आला आणि युरोपातील बागांत ते जाऊन बसले. परंतु आमच्या फळीवरील कापडी बाहुल्याचे घराणे बागेतले नाही, ते गोठ्यातले आहे.

स्वीडनमध्ये त्याला 'टोमटे' म्हणतात, नॉर्वे व डेन्मार्कमध्ये 'निस्से' आणि फिनलंडमध्ये 'टोन्टू'. स्वीडिश भाषेत 'टोम्ट' म्हणजे घराची जागा. त्या जागेचा राखणदार तो टोमटे. जुन्या शेतकरी समाजाची अशी समजूत होती की, घरदार निजले की हा बुटका उठतो, घोड्यांना वैरण घालतो, गाईंची निगा राखतो, धान्य राखतो आणि पहाटेपूर्वी दिसेनासा होतो. ओलाउस माग्नुस या स्वीडिश धर्मगुरूने १५५५ मध्ये उत्तरेकडील लोकांविषयी जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात रात्री तबेल्यात राबणाऱ्या अशा अदृश्य सेवकांचे लाकडी ठशातून छापलेले चित्र आहे. १८८१ मध्ये व्हिक्टर रिडबेरी या कवीची टोमटेवरील कविता प्रसिद्ध झाली आणि तिच्यासाठी येन्नी न्यूस्ट्रम या चित्रकर्तीने चित्रे काढली. पुढे नाताळच्या भेटकार्डांवर तिने त्याला वारंवार रेखाटले. गोठ्यातला गडी अशा रीतीने दिवाणखान्यात आला. भेटी वाटणारा म्हातारा झाला. अलीकडच्या काळात युरोप-अमेरिकेत तो प्रत्येक ऋतूच्या रंगांत शिवला जातो, आणि पानगळीच्या दिवसांत, म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात, त्याला गंजासारखा तांबूस, मोहरीचा पिवळा आणि तपकिरी पोशाख मिळतो.

तेव्हा "हा देव आहे का?" या प्रश्नाला आम्ही दिलेले उत्तर असे : हा एका समाजाच्या कल्पनेतला जीव आहे. त्याची पूजा करावयाची नाही आणि त्याला भ्यावयाचेही नाही. लोकांनी अशी कल्पना का केली, एवढाच आपला अभ्यासाचा विषय.

लापशी आणि नवा डगला

या बुटक्याच्या दोन लोककथा आम्ही वर्गात सांगतो.

पहिली लापशीची. वर्षभर राबल्याबद्दल बुटक्याला नाताळच्या आदल्या रात्री लोण्याचा गोळा घातलेली लापशीची वाटी मिळे. एके वर्षी घरातील मोलकरणीने थट्टेने लोणी वर न ठेवता तळाशी दडवले. लोणी दिसले नाही म्हणून बुटका संतापला. गोठ्यात जाऊन त्याने उत्तम गाय मारून टाकली. परत येऊन लापशी खाल्ली, तो तळाशी लोणी. मग पश्चात्ताप पावून त्याने गाईची भरपाई केली.

दुसरी कथा डगल्याची. एका घरात पीठ कधी सरतच नसे. घरधनिणीने लपून पाहिले, तर फाटक्या कपड्यांतला बुटका पीठ चाळत बसलेला. तिला दया आली. तिने त्याच्यासाठी नवे कपडे शिवून पिंपाशी ठेवले. बुटक्याने ते घातले, स्वतःकडे निरखून पाहिले आणि ठरवले की, एवढ्या चांगल्या पोशाखातील माणूस पिठाने अंग माखून घेणार नाही. त्या रात्रीपासून त्याने चाळणी हाती घेतली नाही.

ही कथा ऐकून वर्ग हसतो. एका वर्षी मात्र आठवीतली एक मुलगी हसली नाही. ती उभी राहून म्हणाली, "सर, मग त्यानं काम सोडलं ते बरंच केलं ना? इतकी वर्षं त्याला पगार कुठं होता?"

आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. इतिहास शिकवण्यात आमची तीस वर्षे गेली. साधन कोणतेही असो, ते कोणाच्या तोंडून बोलते आहे हे आधी पाहावे, असे आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो. तेच त्या मुलीने आम्हांस दाखवून दिले. ही कथा घरधनिणीची आहे. गड्याला चांगले वस्त्र दिले तर तो कामास अंतरतो, अशी धन्याची भीती तिच्यात दडली आहे. बुटक्याच्या बाजूने पाहू जाता तीच कथा निराळी होते : अंगावर धड वस्त्र आले आणि आपण कोण आहोत हे त्याला प्रथमच दिसले. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांना उपदेश करताना लुगडे नेसण्याच्या पद्धतीचा आणि अंगावरील दागिन्यांचा विषय का काढला, हे समजावून सांगण्यास आम्हांला याहून सोपे उदाहरण आजवर सापडलेले नाही. वस्त्राने केवळ अंग झाकत नाही; वस्त्र माणसाची पायरी सांगते, आणि म्हणूनच ते बदलताही येते.

टोपीला घाबरलेली सत्ता

बुटक्याच्या टोपीचाही इतिहास आहे, आणि तो लोककथेतला नव्हे, नोंदलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वे हा देश जर्मन फौजांच्या ताब्यात होता. निस्सेसारखी तांबडी विणलेली टोपी घालून हिंडणे ही तेथील सामान्य जनतेची निषेधाची खूण बनली. कोणी घोषणा देत नव्हते, शस्त्र उचलत नव्हते; लोक नुसती टोपी घालत होते. अखेर फेब्रुवारी १९४२ मध्ये पोलिसांनी तांबड्या टोप्यांवर बंदी घातली आणि त्या जप्त करण्याचे फर्मान काढले.

दुसरा प्रसंग पोलंडमधील व्रोत्सवाफ शहराचा. तेथे १९८०च्या दशकात भिंतींवर राजवटीविरुद्ध घोषणा लिहिल्या जात आणि पोलीस त्यांवर रंग फासून जात. वाल्देमार फिड्रिख आणि त्याच्या तरुण सहकाऱ्यांनी १९८२ पासून त्याच रंगाच्या डागांवर बुटक्यांची चित्रे काढण्यास आरंभ केला. १ जून १९८८ रोजी, बालदिनाचे निमित्त साधून, नारिंगी टोप्या घातलेले हजारो लोक त्या शहराच्या रस्त्यांवर उतरले. बुटक्याची टोपी घातली म्हणून माणसाला पकडावे तर हसू होते. न पकडावे तर सत्तेचा धाक ओसरतो, अशी ती कोंडी होती. २००१ मध्ये श्विद्नित्स्का रस्त्यावर या चळवळीच्या स्मरणार्थ बुटक्याचा धातूचा पुतळा उभारला गेला, आणि आज त्या शहरात असे शेकडो छोटे पुतळे आहेत.

म्हणून शिवताना आम्ही मुलांना सांगतो की, टोपी मन लावून शिवा. या बाहुल्यात तीच मुख्य आहे.

साहित्य

एका बुटक्यास लागणारे साहित्य असे. डगल्यासाठी जाडसर कापड : जुना कांबळा, लोकरी शाल किंवा जीन्सचा पाय, ३० सेंमी लांब व २० सेंमी रुंद. तळासाठी त्याच कापडाची ११ सेंमी व्यासाची चकती. टोपीसाठी २१ सेंमीचा चौकोनी तुकडा. फेल्ट अथवा लोकरी कापड असल्यास टोपी ताठ उभी राहते. नाकासाठी फिक्या रंगाच्या सुती किंवा होजियरी कापडाची ६ सेंमी व्यासाची चकती. दाढीसाठी कृत्रिम फरचा तुकडा. तो नसल्यास लोकर किंवा उलगडून विंचरलेली सुतळी. भरण्यासाठी कापूस किंवा बारीक कातरलेल्या चिंध्या. खाली वजन म्हणून धुऊन खडखडीत वाळवलेली सुमारे २०० ग्रॅम वाळू. याखेरीज सुई, दुहेरी दोरा, टाचण्या, कात्री, खडू आणि टेप.

वजनासाठी तांदूळ किंवा डाळ भरू नये. आपल्याकडील पावसाळी हवेत तिला कीड लागते आणि अन्नही वाया जाते.

बेतणे

कात्री लावण्यापूर्वी हिशेब करावा. आम्ही तो गणिताच्या वहीत करवून घेतो. डगल्याच्या कापडाची लांबी ३० सेंमी. दोन्ही कडांना १–१ सेंमी शिवणीत जाते. म्हणजे नळकांड्याचा परीघ २८ सेंमी झाला. परिघास ६.२८ ने भागले असता त्रिज्या सुमारे ४.५ सेंमी येते. तीत शिवणीचा १ सेंमी मिळवला की चकतीची त्रिज्या ५.५ आणि व्यास ११ सेंमी.

टोपी म्हणजे वर्तुळाचा पाव भाग. चौकोनी कापडाच्या एका कोपऱ्यावर दोऱ्याचे टोक अंगठ्याने दाबून धरावे, २१ सेंमीवर दुसऱ्या टोकाला खडू बांधावा आणि एका कडेपासून लगतच्या कडेपर्यंत कमान काढावी. कमानीवर कापल्यास पाव वर्तुळ मिळते. काठ १ सेंमी आत दुमडल्यावर त्रिज्या २० सेंमी उरते; तिची कमान ३१.४ सेंमी, त्यातून शिवणीचे २ सेंमी वजा जाता टोपीचा घेर २९.४ सेंमी. डगल्याचा घेर २८. टोपी किंचित सैल बसावी, ती अशी बसते.

शिवणे

१. डगल्याचे कापड सुलट बाजू आत येईल असे दुमडून २० सेंमीच्या दोन्ही कडा जुळवाव्यात आणि कडेपासून १ सेंमीवर उलटी टीप घालावी. धावदोरा येथे पुरत नाही. भरताना ताण येऊन शिवण उसवते.

२. नळकांड्याच्या खालच्या कडेवर आणि चकतीवर चार समान अंतरावर खडूने खुणा कराव्यात. खुणेला खूण जुळवून टाचण्या लावाव्यात आणि मगच चकती शिवावी. खुणा न करता शिवल्यास अखेरीस कापड उरते किंवा कमी पडते.

३. पिशवी सुलट करावी. वाळू लहान थैलीत भरून थैलीचे तोंड दोनदा शिवावे व ती तळाशी ठेवावी. वर थोडाथोडा कापूस दाबून भरावा. कडा आधी भराव्यात, मध्य नंतर.

४. वरच्या कडेपासून १ सेंमीवर मोठ्या टाक्यांचा धावदोरा घालून दोरा ओढावा. तोंड चुणीने मिटते. दोरा घट्ट बांधून दोनतीन आडवे टाके घालावेत. आता डगला खाली गोल व वर घुमटासारखा होईल.

५. दाढीसाठी फर उलटा ठेवून मागील बाजूस वर १२ सेंमी रुंद व ११ सेंमी लांब असा खाली टोक असलेला त्रिकोण आखावा. लव खालच्या दिशेस वळलेली असावी. कापताना कात्रीचे केवळ टोक पाठीच्या कापडात चालवावे. पूर्ण पाते घातल्यास केस कापले जाऊन दाढी बोथट होते. सुतळी किंवा लोकर वापरल्यास २२ सेंमीचे धागे मध्ये दुमडून एका आडव्या पट्टीवर ओळीने शिवावेत आणि खाली निमुळते कातरावेत.

६. दाढीची वरची कड माथ्यापासून सुमारे ४ सेंमी खाली येईल अशी डगल्याच्या पुढील बाजूस शिवावी. शिवणीची बाजू मागे असावी.

७. नाकाच्या चकतीला काठाने धावदोरा घालून आत कापूस ठेवावा व दोरा ओढून गोळी करावी. ती दाढीच्या वरच्या कडेवर मधोमध पक्की शिवावी.

८. पाव वर्तुळाच्या दोन्ही सरळ कडा सुलट बाजू आत ठेवून जुळवाव्यात व कमानीकडून टोकाकडे शिवत जावे. टोकाजवळचे जादा कापड कातरून टाकावे. टोपी सुलट करताना टोक बोथट पेन्सिलीने हळूच बाहेर ढकलावे. काठ आत दुमडून तुरपाई करावी. टोकाशी थोडा कापूस भरावा.

९. टोपी डोक्यावर चढवून नाकाचा वरचा अर्धा भाग झाकेल इतकी खाली ओढावी आणि सभोवार लपते टाके घालून डगल्याला शिवावी. डोळे का नाहीत, याचे उत्तर येथे हाताला सापडते : टोपी नाकापर्यंत आली की डोळ्यांना जागाच उरत नाही, आणि पाहणारा आपल्या मनाने चेहरा पुरा करतो.

बाहुला सुमारे ३० सेंमी उंच होतो. बहुतेकांच्या पहिल्या बुटक्यात दोन दोष राहतात. कापूस कमी भरल्याने तो वाकतो; आणि टोपी नाकाच्या वरच थांबल्याने तो बुटका न दिसता टोपी घातलेली उशी दिसतो. दोन्ही दोष उसवून दुरुस्त होतात. उसवण्याची लाज बाळगू नये.

पानगळ त्यांची आणि आपली

रंगांविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. शब्दकोश युरोपातील या ऋतूला 'शरद' म्हणतो. परंतु आपला शरद म्हणजे पाऊस सरून आभाळ निवळण्याचा, शेते हिरवी असण्याचा काळ. आपल्याकडील पानगळ शिशिरात, माघ-फाल्गुनाच्या सुमारास येते. स्वीडनमध्ये बर्च आणि मॅपलची पाने सप्टेंबर-ऑक्टोबरात पिवळी-तांबडी होतात, कारण दिवस लहान होऊन थंडी वाढते आणि झाड पानांतील हरितद्रव्य मोडून घेते. मग आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो. आपल्या सागाची पाने गळतात ती मुख्यत्वे कोरड्या हवेमुळे. म्हणून टोपीवर मॅपलचे कातरलेले पान लावावयाचे असल्यास ते त्या देशाचे म्हणून लावावे. मुलांनी भूगोलाच्या तासाला हा भेद आपणहून मांडला, याचा आम्हांस विशेष संतोष आहे.

एका पालकांचा प्रश्न

हा पाठ पहिल्यांदा घेतला त्या वर्षी पालकसभेत एक गृहस्थ उठले. ते म्हणाले, "सर, पोराला शिकायला धाडलं तुमच्याकडं. चिंध्या जोडायचं काम आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या झालंच की. आमच्या आईनं वाकळा शिवून डोळे घालवले. तेच पोरानं पुन्हा करायचं का?"

सभा स्तब्ध झाली. हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता, आणि नाही. हातकामाच्या नावाखाली आपल्या मुलांना पुन्हा जुन्याच जागी बसवले जाईल, ही शंका अनुभवातून आलेली आहे. आम्ही त्यांना म्हणालो, "दादा, तुमची शंका आम्हांला मान्य आहे. आईंनी वाकळ शिवली, कारण पांघरायला दुसरे काही नव्हते. तुमचा मुलगा शिवतो तो त्रिज्या काढून शिवतो, नॉर्वेचा इतिहास वाचून शिवतो, आणि नको वाटले तर सुई खाली ठेवू शकतो. काम तेच असेल. ते कोणी सांगितले आणि नाही म्हणता येते का, यात फरक आहे. तरीही तुम्ही नको म्हणालात तर आम्ही त्याला दुसरे काम देऊ."

ते काही बोलले नाहीत. सभा संपल्यावर मात्र त्यांनी मुलाचा बुटका हाती घेतला, उलटा करून तळाची शिवण निरखली, नखाने टाके ओढून पाहिले. "टीप सरळ आहे," एवढेच म्हणाले. जाताना तो बाहुला त्यांनी पिशवीत घालून नेला. पुढच्या वर्षी तेच गृहस्थ जुन्या कांबळ्याचे दोन तुकडे घेऊन आले आणि शिवणकामाच्या खोलीत ठेवून गेले.

त्या प्रसंगापासून एक नियम आम्ही पाळतो. हा पाठ मुलगे आणि मुली दोघांनाही सारखाच शिकवला जातो, आणि प्रत्येक बाहुल्याच्या तळाशी शिवणाऱ्याचे नाव दोऱ्याने घातले जाते. रात्री राबून पहाटे नाहीसा होणाऱ्या गड्याची कथा आम्ही सांगतो. पण आमच्या शाळेत कोणाचेही काम निनावी राहू नये, अशी आमची इच्छा आहे.

स्वाध्याय

१. टोपीची उंची दीडपट करावयाची, पण घेर तोच ठेवावयाचा, तर वर्तुळाचा पाव भाग चालेल का? नसल्यास किती भाग घ्यावा लागेल, ते कागद कापून पाहा.

२. डगल्याची कथा बुटक्याने स्वतः सांगितली असती तर ती कशी सांगितली असती? दहा ओळी लिहा.

३. टोपीवर बंदी घालणाऱ्या सत्तेला नेमकी कशाची भीती वाटली असेल?

४. घरातील वडीलधाऱ्यांपैकी कोणाला शिवता येते, ते कोणाकडून शिकले आणि त्यांनी शिवलेली सर्वांत जुनी वस्तू आज कोठे आहे, हे विचारून नोंदवा. त्या वस्तूवर नाव नसल्यास वहीत नाव लिहा.